अंगण खरंच किती वाकडं?

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आपण दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतो. पण ती जरा सरळ अर्थाने घेतली तर तिच्यात संशोधनाचा एक चांगला प्रश्न दडलाय. समजा अंगण खरंच वाकडं असेल तर? आणि असेल तर किती? नाच बिघडवण्याइतकं, की नुसतं कारण सांगण्यापुरतं?

मी लेखनप्रक्रियेवर पीएच.डी. करतेय. म्हणजे माणसं लिहायला बसतात तेव्हा नेमकं काय काय घडतं, हा माझा विषय. तो कुणालाही सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग लिहायला सगळ्यात चांगलं काय?" विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा एक कादंबरी असते, किंवा चार-पाच कथा असतात. त्यांच्यासाठी स्क्रिव्हनर घ्यावं का, ऑब्सिडियनमध्ये टिपणं ठेवावीत का, गूगल डॉक्स पुरेल का, एआयची मदत घ्यावी का, की हे सगळं सोडून फाउंटन पेन आणि जाड कागदाची वही आणावी, याची माहिती विचारणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त असते. कथा कुठवर आलीय, असं विचारलं की मात्र विषय बदलतो.

तुम्ही त्यांच्यातले असाल तर हे तुमच्यासाठी आहे. तुम्हाला आळशी ठरवून मला मोकळं व्हायचं नाही. चांगल्या साधनाच्या शोधामागे एक वजनदार सिद्धांत आहे, काही प्रयोग आहेत आणि एक फार चांगलं पुस्तकही आहे. पण हे सगळं नीट वाचलं तर निष्कर्ष साधन बदलण्याच्या बाजूने निघत नाही, एका साधनाला धरून लिहीत राहण्याच्या बाजूने निघतो, असं माझं म्हणणं आहे. ते कसं, ते एकेक करून बघू.

नीत्शेचं यंत्र

सिद्धांत असा: आपण ज्या साधनाने लिहितो ते साधन आपल्या विचारांनाही घडवतं. जर्मन माध्यम-अभ्यासक फ्रीडरिश किट्लर याच्या 'ग्रामोफोन, फिल्म, टाइपरायटर' (1986) या पुस्तकामुळे हा विचार फार गाजला. त्यात मोठा साक्षीदार म्हणून उभा आहे तत्त्वज्ञ नीत्शे. नीत्शेची नजर फार अधू झाली होती आणि हाताने लिहिणं जिकिरीचं होऊन बसलं होतं. म्हणून त्याने डेन्मार्कच्या मालिंग-हान्सेन यांनी बनवलेला 'लेखनगोल' मागवला. अर्ध्या चेंडूवर टाचण्या खोचाव्यात तशा कळा असलेलं हे टाइपरायटरचं एक आरंभीचं रूप. त्यावर काम करत असताना नीत्शेने एका पत्रात असं लिहिलं की आपली लेखनाची साधनं आपल्या विचारांमध्येही हात घालतात. किट्लर हाच धागा पुढे नेतो आणि म्हणतो की यंत्रामुळे नीत्शेची शैली बदलली, सलग युक्तिवादाच्या जागी तुटक सूत्रं आली.

ऐकायला झकास आहे. आता तारखा बघा. यंत्र नीत्शेला इटलीत जिनोआला मिळालं फेब्रुवारी 1882 मध्ये, तेही प्रवासात मोडतोड होऊन. मार्च संपता संपता ते निकामी झालं. म्हणजे वापर जेमतेम काही आठवड्यांचा. आणि ती सूत्रांची शैली? नीत्शेचं 'मानवी, फारच मानवी' हे पुस्तक 1878 सालचं आहे आणि ते आधीपासूनच तुकड्या-तुकड्यांत, सूत्रांमध्ये लिहिलेलं आहे. यंत्र यायच्या चार वर्षं आधी! 'झरथुष्ट्र'चा पहिला भाग लिहून झाला 1883 च्या सुरुवातीला, म्हणजे यंत्र बंद पडल्यानंतर.

थोडक्यात, साधन विचार घडवतं याचा पुरावा म्हणून ज्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा पुढे केलं जातं, त्याने ते साधन एक अख्खा उन्हाळाही वापरलेलं नाही.

म्हणून सिद्धांतच खोटा, असं मी म्हणणार नाही. साधनाचं वळण लागतं. पण 'वळण' हा आपला मराठी शब्द इथे किट्लरपेक्षा जास्त शहाणा आहे. अक्षराला वळण लागतं ते गिरवून गिरवून. एका पाटीवर, एका वहीत, पुन्हा पुन्हा. दर दोन महिन्यांनी साधन बदलणाऱ्याला कुठल्याच साधनाचं वळण लागणार नाही, ना चांगलं, ना वाईट. सिद्धांत पूर्ण खरा मानला, तरी तो एका जागी टिकणाऱ्याच्याच उपयोगाचा आहे.

डेटन आणि हँडली

मॅथ्यू किर्शेनबॉम यांचं 'ट्रॅक चेंजेस' (2016) हे पुस्तक या बाबतीत कितीतरी सावध आहे. वर्ड प्रोसेसरचा हा साहित्यिक इतिहास. कुणी कुठलं यंत्र कधी घेतलं, त्यावर काय लिहिलं, लिहिताना काय बिघडलं, हे त्यांनी मुलाखती, जुन्या फ्लॉप्या आणि कागदपत्रं धुंडाळून मांडलंय. सरसकट 'यंत्राने साहित्य बदललं' असा निकाल ते देत नाहीत. लेखकागणिक गोष्ट वेगळी, हा त्यांचा सूर मला पटतो.

त्यातली मध्यवर्ती गोष्ट आहे ब्रिटिश कादंबरीकार लेन डेटन यांची. 'बॉम्बर' (1970) ही त्यांची कादंबरी दुसऱ्या महायुद्धातल्या एका हवाई हल्ल्याच्या चोवीस तासांवर बेतलेली आहे. विमानातली माणसं, जमिनीवरची माणसं, जर्मन, ब्रिटिश, असा मोठा पसारा. एका ठिकाणी वेळ बदलली की दहा ठिकाणी दुरुस्ती. डेटनच्या सहायक एलेनॉर हँडली यांना एकेक प्रकरण पुन्हा पुन्हा टाइप करावं लागे. त्यांच्या टाइपरायटरची देखभाल करणाऱ्या आयबीएमच्या तंत्रज्ञाच्या हे लक्षात आलं आणि त्याने कंपनीचं नवं यंत्र सुचवलं. मजकूर चुंबकीय टेपवर साठवणारं हे यंत्र 1968 साली लंडनच्या घरात आणलं ते क्रेनने उचलून, खिडकी काढून. वजन साधारण नव्वद किलो. ते चालवायच्या मुख्यतः हँडली. वर्ड प्रोसेसरवर लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून किर्शेनबॉम 'बॉम्बर'चं नाव घेतात.

ही गोष्ट साधनवाल्यांना फार आवडते. पण घटनांचा क्रम काय आहे? आधी कादंबरीकार लिहीत होता. मग त्याच्या लेखनाला एक विशिष्ट अडचण आली. ती अडचण रोज कुणाच्या तरी बोटांना जाणवत होती. आणि मग यंत्र आलं. तेही लेखकाने शोधत हिंडून आणलेलं नाही, दुरुस्तीला आलेल्या माणसाने सुचवलेलं. आपल्याकडे क्रम उलटा असतो. यंत्र आधी, मग त्याच्या कुठल्या सोयी आपल्या कामाला येतील याचा विचार, आणि कादंबरी सगळ्यात शेवटी.

पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार मात्र आहे. त्यात जे लेखक भेटतात त्यांनी पुस्तकं लिहून संपवलेली आहेत, म्हणून तर ते इतिहासात आहेत. ज्यांनी 1983 साली हजारो डॉलरचं यंत्र घेतलं, महिनाभर त्याची मॅन्युअलं वाचली आणि काहीच लिहिलं नाही, त्यांची फ्लॉपी कुठल्या संग्रहालयात जपलेली नसते. हा किर्शेनबॉम यांचा दोष आहे असं नाही, सगळ्याच लेखक-अभ्यासाची ही खोट आहे. पण त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, यंत्र घेतलं आणि पुस्तक झालं. यंत्र घेतलं आणि पुस्तक झालं नाही, या गोष्टींचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

आणि साधनाला चिकटून राहिलेल्यांचंही तेच. अमेरिकन कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांनी एका गहाणवटीच्या दुकानातून पन्नास डॉलरला घेतलेला ऑलिव्हेट्टी टाइपरायटर जवळपास पन्नास वर्षं वापरला. 2009 साली क्रिस्टीज्‌च्या लिलावात तो 2,54,500 डॉलरला गेला. पैसे त्यांनी एका संशोधन संस्थेला दिले. स्वतःसाठी? एका मित्राने त्याच मॉडेलचा दुसरा टाइपरायटर वीस डॉलरच्या आत मिळवून दिला आणि त्यांनी पुढचं काम सुरू केलं. कुणीतरी अडीच लाख डॉलर मोजून साधन घेऊन गेलं. कादंबऱ्या अर्थातच त्यात नव्हत्या.

पण यावरून 'जुनं साधन धरा, पुस्तक आपोआप होईल' असा निष्कर्ष काढू नका. जॉर्ज आर. आर. मार्टिन डॉसच्या जमान्यातलं वर्डस्टार वापरतात हे बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यांच्या गाजलेल्या मालिकेचा पाचवा खंड 2011 ला आला, सहाव्याची वाट वाचक अजून बघतायत. साधन स्थिर असणं पुरेसं नाही. ते फक्त एक कारण कमी करतं.

मराठीचं अंगण

आता कुणी म्हणेल, हे सगळं इंग्रजीवाल्यांचं. आपल्याकडे तर अंगण खरंच वाकडं होतं. अगदी बरोबर, आणि याच जागी 'साधनं गौण असतात' असं म्हणणारे उपदेशक मला उथळ वाटतात.

मराठी टाइपरायटरच्या मोजक्या कळांमध्ये देवनागरीची जोडाक्षरं, काना-मात्रा बसवणं ही तारेवरची कसरत होती. संगणक आले तेव्हा प्रत्येक फाँटची स्वतःची वेगळी सांकेतिक व्यवस्था. एका फाँटमध्ये टाइप केलेली कथा तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. सी-डॅकसारख्या संस्थांनी इस्की हे सामाईक मानक, इन्स्क्रिप्ट हा कळफलक यांवर मोठं काम केलं. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण सामान्य माणसाच्या विंडोजमध्ये ती नीट दिसायला विंडोज 2000 उजाडावं लागलं. तोवर आणि त्यानंतरही कित्येक वर्षं छापखाने जुन्या फाँटांवरच चालले. त्या काळात टाइप केलेलं किती मराठी साहित्य आज कुणालाच उघडता न येणाऱ्या फायलींमध्ये अडकून पडलं असेल!

आणि आपला तो अर्धा र. 'आचार्यास' जेवू घालायचं की 'आचाऱ्यास', हा फरक मराठी वाचणाऱ्याला लगेच कळतो. पण तो टाइप करायला कळफलकावर काय दाबायचं, हे लोकांनी एकमेकांना विचारत काढलंय.

म्हणजे इथे साधनाचा शोध ही गरज होती. पण बघा, या अडचणीतही लिहिणं चाललं होतं. 1950 च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइल करून. छापखाना परवडत नव्हता, प्रस्थापित नियतकालिकांत जागा नव्हती. सायक्लोस्टाइल हे काही उत्तम साधन नव्हतं. हाताशी होतं, आणि कविता लिहून तयार होत्या.

बहिणाबाईंचं उदाहरण मात्र मी देणार नाही, कारण ते नेहमी चुकीच्या पद्धतीने दिलं जातं. 'त्यांना तर लिहितावाचताही येत नव्हतं, साधनांचं काय घेऊन बसलात' असं म्हणतात. पण त्यांच्या ओव्या आपल्यापर्यंत पोचल्या, कारण घरातल्या कुणीतरी त्या वहीत उतरवून घेतल्या आणि 1952 साली त्या छापून आल्या. वही नसती तर त्या हवेत विरल्या असत्या. साधनाशिवाय साहित्य टिकत नाही, हेच या उदाहरणातून दिसतं. एवढंच की ती वही साधीच असणार, आणि कोणती वही बरी यावर कुणी वर्ष घालवलं नाही.

आजचं मराठी अंगण कसं आहे? फोनवर युनिकोड मराठी टाइप होतं. 2017 पासून गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहिता येतं. मराठीची शुद्धलेखन तपासणी अजून इंग्रजीच्या तोडीची नाही, काही अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटतात, अर्धा र कधीकधी रुसतो. कुठेकुठे खड्डे आहेत, कबूल. पण नाच थांबावा इतकं ते आता वाकडं राहिलेलं नाही.

प्रयोग काय सांगतात

इथवर गोष्टी झाल्या. आता आकडे. साधनाने लेखन सुधारतं का, यावर प्रयोग झालेत आणि काहींचं उत्तर 'हो' आहे. गोल्डबर्ग, रसेल आणि कुक यांनी 2003 मध्ये 1992 ते 2002 या काळातल्या 26 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. शाळकरी मुलं कागदाऐवजी संगणकावर लिहितात तेव्हा ती जास्त लिहितात आणि लेखनाचा दर्जाही थोडा सुधारतो, असं त्यांना दिसलं. परिणामाचा आकार प्रमाणासाठी सुमारे 0.5, दर्जासाठी 0.4. शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानाने हे आकडे मध्यम म्हणायला हरकत नाही.

इथे मेख अशी की तुलना कागद आणि संगणक यांच्यात आहे. खाडाखोड न करता दुरुस्ती करता येणं, ही मोठी उडी होती. एका वर्ड प्रोसेसरवरून दुसऱ्यावर जाण्याबद्दल या अभ्यासात काहीच नाही. मोठी उडी मारून झाल्यावर आपण ज्या पावलांबद्दल वाद घालतो ती बोटभर लांबीची आहेत.

उलट बाजूचे लोक, म्हणजे वही-पेनवाले, मुलर आणि ओपेनहायमर यांचा 2014 चा अभ्यास दाखवतात. हाताने टिपणं काढणाऱ्या विद्यार्थ्यांना व्याख्यानातल्या संकल्पना जास्त चांगल्या कळल्या, असं त्यात होतं. पण 2021 मध्ये उरी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. लॅपटॉपवाले जास्त शब्द आणि जास्त जसेच्या तसे शब्द उतरवतात हे पुन्हा दिसलं, पण परीक्षेतल्या कामगिरीत हाताने लिहिणाऱ्यांची सरशी काही दिसली नाही. शिवाय मुळात हा प्रयोग टिपणं काढण्याचा. त्यावरून 'कथा पेनानेच लिहावी' हे सिद्ध करणं म्हणजे पोहण्याच्या अभ्यासावरून सायकल विकणं.

मग लेखन कशाने होतं? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी 1983 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. लिहिणं अडलंय अशी तक्रार असलेल्या 27 प्राध्यापकांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला सांगितलं, अगदी गरज पडल्याशिवाय लिहू नका. दुसऱ्याला सांगितलं, वेळ राखून ठेवा पण मन झालं तरच लिहा. तिसऱ्या गटाला ठरलेल्या वेळी लिहिणं सक्तीचं, नाही लिहिलं तर न आवडणाऱ्या संस्थेला स्वतःच्या खिशातून पैसे! रोजची सरासरी पानं निघाली अनुक्रमे 0.2, 0.9 आणि 3.2. सक्तीने जास्त पानं होणार हे उघडच होतं. बॉइस यांना महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच: नव्या कल्पनाही याच तिसऱ्या गटाला सगळ्यात जास्त सुचल्या.

हा प्रयोग मी डोळे झाकून मानत नाही, तुम्हीही मानू नका. एका गटात नऊच माणसं, कल्पना मोजल्या त्यांनी स्वतःच, आणि ती होती प्राध्यापक मंडळी, कवी-कादंबरीकार नव्हेत. हेलन स्वोर्ड या अभ्यासिकेने तर 'रोज लिहा' या मंत्रालाच आव्हान दिलंय. शंभर यशस्वी अभ्यासकांच्या मुलाखती आणि हजाराहून जास्त जणांची प्रश्नावली, यातून त्यांना दिसलं की भरपूर लिहिणारे सगळेच रोज लिहीत नाहीत. कुणी पहाटे, कुणी सुट्टीत, कुणी तुकड्या-तुकड्यांत लिहितं.

दोघांची बेरीज केली तर एक गोष्ट उरते. वेळापत्रक कुठलंही असो, कल्पना लिहिताना येतात. फ्लॉवर आणि हेज यांनी 1981 मध्ये मांडलेलं प्रारूप हेच सांगतं. माणसांना मोठ्याने विचार बोलत लिहायला लावून त्यांनी पाहिलं, तर आधी नियोजन, मग लेखन, मग तपासणी असा सरळ जिना कुठेच नव्हता. लिहिता लिहिता माणूस आपलं ध्येयच बदलतो, नवं ठरवतो, मागे जातो. कथेतली आजी शेवटी काय करणार, हे तिसऱ्या पानावर कळतं. आणि तिसरं पान आल्याशिवाय ते कुठल्याच अ‍ॅपला कळणार नाही.

साधनाचा शोध इतका गोड का लागतो, तेही यातून समजतं. त्यात नियोजन केल्याचं समाधान आहे आणि पान वाईट निघण्याची भीती नाही. दोन अ‍ॅपची तुलना फसत नाही. पहिला मसुदा मात्र हमखास फसतो.

कनूथ यांची दोन पुस्तकं

माझ्यासारख्या पीएच.डी.वाल्यांमधले बरेच जण ज्या लाटेकवर प्रबंध लिहितात, त्याच्या मुळाशी असलेलं 'टेक' बनवलं डोनाल्ड कनूथ यांनी. त्यांची गोष्ट या विषयाला आरशासारखी आहे.

1973 च्या जानेवारीत, नॉर्वेत असताना, कनूथ ऑस्लोतल्या एका हॉटेलच्या खोलीत आठवडाभर जाऊन राहिले आणि 'सर्‍रिअल नंबर्स' ही छोटी कादंबरिका हाताने लिहून काढली. एक तरुण आणि एक तरुणी मिळून नवं गणित शोधतात, अशी ती गोष्ट. 1974 मध्ये ती पुस्तकरूपाने आली.

त्यानंतर 1977 मध्ये त्यांच्या 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. नव्या पद्धतीची अक्षरजुळणी त्यांना बघवेना. मग त्यांनी ठरवलं, आपणच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहू. रजेच्या काळात उरकेल असा अंदाज होता. त्यात सुमारे दहा वर्षं गेली. मालेचा तिसरा खंड आला होता 1973 मध्ये. चौथ्याचा पहिला भाग आला 2011 मध्ये.

न्याय्य बोलायचं तर मधली सगळी वर्षं टेकने खाल्ली असं नाही, चौथ्या खंडाचा विषयही मधल्या काळात अफाट वाढला. आणि टेक जगाला मिळालं, हा तोटा म्हणता येणार नाही. पण तुम्ही-मी कनूथ नाही. आपल्या शोधातून जगाला टेक मिळणार नाही, फार तर पाच अ‍ॅपमध्ये विखुरलेली टिपणं मिळतील. शिवाय कनूथ यांची अडचणही लिहून झालेल्या पुस्तकाची होती. प्रूफ समोर होतं. बोट ठेवून दाखवता येत होतं की हे इथे कुरूप दिसतंय.

पान क्रमांक

माझ्या मते या सगळ्यातून एक साधी कसोटी हाती येते. तुमच्या अडचणीला पान क्रमांक आहे का?

डेटनच्या अडचणीला होता. प्रकरण कितीव्यांदा टाइप होतंय हे हँडलींना माहीत होतं. कनूथ यांच्या अडचणीला होता. 'शब्द'वाल्यांच्या कविता तयार होत्या, छापायचं कुठे एवढाच प्रश्न होता. नीत्शेच्या अडचणीला तर डोळेच होते. ज्यांना दृष्टीचा, बोटांचा, पाठीचा त्रास आहे, ज्यांच्याकडे फक्त एक जुना फोन आहे, ज्यांना वाचनदोषामुळे टाइप करण्यापेक्षा बोलणं सोपं जातं, त्यांचा साधनाचा शोध खरा आहे आणि त्यांना 'नुसतं लिहायला लागा' असं सांगणं हा उद्धटपणा आहे.

पण "माझ्या कादंबरीला कोणतं सॉफ्टवेअर बरं?" या प्रश्नाला जर एकही पान नसेल, तर त्याचं उत्तर कुणीच देऊ शकणार नाही. कादंबरीला काय अडतंय हे कादंबरीच सांगू शकते, आणि ती अजून नाहीये. 'अमुक प्रकरणात चार पात्रांच्या तारखा जुळवता जुळवता मी मेटाकुटीला आलेय' असं वाक्य ज्या दिवशी तुमच्या तोंडून निघेल, त्या दिवशी खुशाल साधन शोधा. तेव्हा ते अर्ध्या तासात सापडतं, कारण काय हवंय ते माहीत असतं.

तोवर काय? हाताशी आहे ते एकच घ्या. नोट्सचं अ‍ॅप, वर्ड, शंभर पानी वही, काहीही. फक्त त्यातून मजकूर बाहेर काढता येतो ना, युनिकोडमध्ये आहे ना, आणि त्याची एक प्रत दुसरीकडे आहे ना, एवढं बघा. जुन्या फाँटांनी आपल्याला शिकवलेला धडा तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे. मग पहिला मसुदा पूर्ण होईपर्यंत साधन बदलायचं नाही असं ठरवा. त्रास झाला तर तो कागदावर टिपून ठेवा, पान क्रमांकासकट. मसुदा झाल्यावर ती यादी बघा. त्यातल्या बऱ्याच गोष्टी तेव्हा किरकोळ वाटतील असा माझा अंदाज आहे, पण तो तुम्हीच तपासा.

एक गोष्ट मात्र या यादीत येणार नाही, आणि बहुतेकदा खरं दुखणं तेच असतं: वेळ. व्हर्जिनिया वुल्फने 1929 साली लिहिणाऱ्या बाईसाठी मागितलं होतं वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली. कुठलं पेन, ते तिने मागितलं नाही. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आईबाबांचं आजारपण यांतून ज्यांना रात्री साडेदहानंतर चाळीस मिनिटं मिळतात, त्यांना ती वेळ वाढवून देणारं अ‍ॅप मिळत नाही. अ‍ॅप बघण्यात ती चाळीस मिनिटं जातात मात्र नक्की. तुमचं भांडण वेळेशी असेल तर ते वेळेशीच करा. घरच्यांशी बोला, एखादं काम दुसऱ्यावर टाका, आठवड्यातली एक संध्याकाळ मागून घ्या. ते बोलणं नवं सॉफ्टवेअर उतरवण्यापेक्षा अवघड आहे, हे मला माहीत आहे.

आज ती चाळीस मिनिटं मिळणार असतील, तर त्या आजीला तिसऱ्या पानापर्यंत तरी नेऊन सोडा.